बावखलावरची जर्मन अंडी

सगळ्या जगाला मामाचं गाव असतं आणि ते बहुधा कोकणात नाहीतर घाटावर असतं. माझ्या मामाचं गाव जर्मनीत आहे. जन्मला वाढला आमच्या वसईच्या गासात, नोकरी केली गोखिवऱ्याच्या कारखान्यात, पण खडान्खडा इतिहास पाठ आहे तो एका चिमुकल्या जर्मन गावाचा, जिथे हा आयुष्यात एकदाच गेला होता, तोही लेकीच्या बाळंतपणाला. लेक सिल्वी तिथल्या इस्पितळात नर्स आहे. तीन महिने राहून परत आला तो त्या गावचा पाटील होऊनच. गावाचं नाव त्याला स्वतःला धड उच्चारता येत नाही. उच्चारायला गेला की घशात मांदेलीचा काटा अडकल्यासारखा आवाज येतो, म्हणून तो नुसतं 'आमच्या तिकडे' म्हणतो. वसईचा किल्ला कोणी बांधला विचारा. "असेल कोणीतरी पोर्तुगीज," म्हणून हात झटकेल. पण 'तिकडच्या' तटबंदीतला कुठला दगड कुठून पडला, हे त्याला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेल. नाही विचारलंत तरी सांगेलच.

त्या गावाच्या इतिहासातली त्याची सर्वांत लाडकी गोष्ट जेवणाची. फार पूर्वी म्हणे शत्रूचा सरदार फौज घेऊन वेशीवर आला, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. गावकऱ्यांनी तटावरून निरोप दिला, आमची जेवायची वेळ आहे, नंतर या. सरदाराचं डोकं फिरलं आणि त्याने निम्मं गाव जाळलं. "पण जेवण वेळेवर झालं!" हे मामा अशा थाटात सांगतो, की चुलीवरचं भांडं यानेच उतरवलं होतं. बरं, सांगायला वेळकाळ तरी असावा! शेजारच्या आंटीच्या मयतीला पेटी खाली सोडत होते, तर हा माझ्या कानाशी म्हणतो, "आमच्या तिकडे कबर भाड्याने असते. मुदत संपली की दुसऱ्याला." कुजबुजणं हा प्रकार मामाच्या घशात बसवलेलाच नाही. आंटीच्या मुलाने मागे वळून असं काही पाहिलं, की मला माती द्यायला पुढे जायची लाज वाटली.

आणि त्या गावचा स्वभाव? तो तर मामाने आमच्या उरावर आणून बसवला. तिकडे म्हणे रविवारी खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा कचऱ्यात टाकायच्या नाहीत, खळखळ होते म्हणून. आता आमच्याकडे रविवार म्हणजे चर्चमधली मिस्सा आटोपून आलं की घरोघरी मटणाचं वाटण. सगळी आळी एकदम घरघरायला लागते. मामा ओटीवर उभा राहून कोकलायचा, "रविवार आहे! मिक्सर बंद करा!" माझी आई म्हणजे त्याची थोरली बहीण. आमची दोन घरं बावखलाच्या दोन काठांवर, त्यामुळे तिला उत्तर द्यायला उंबरठाही ओलांडावा लागत नाही. "तुझ्या एका बोंबेत चार मिक्सर बसतील रे! आणि जेवायला येशील तेव्हा काय पाटा-वरवंटा घेऊन येणार?" मामा जेवायला यायचा. दोनदा रस्सा मागून घ्यायचा आणि तिकडचे लोक पाव कसा न बोलता खातात, हे तोंडात घास असताना सांगायचा.

पण मामाने खरा छळ मांडला तो बावखलापायी. बावखल म्हणजे वाड्यांना पाणी मिळावं म्हणून वाडवडिलांनी खणलेलं तळं. त्यावर केळी जगल्या, पानवेली जगल्या, आम्ही जगलो. नळ आला, घरोघरी बोअर झाल्या आणि बावखलाची कचराकुंडी झाली. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही! मामाच्या त्या गावात चौकात एक जुना हौद आहे. पाण्याचे हाल काढलेलं गाव ते, त्यामुळे ईस्टरच्या आधी सगळं गाव जमून तो हौद घासतं आणि हिरव्या माळा नि रंगवलेली अंडी टांगून सजवतं. "हौदाची पूजा करतात ते, आणि आपण बावखलात कमोड टाकतो!" मामा म्हणायचा. कमोड खरोखरच टाकला होता. कोणी, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

एका वर्षी त्याने घरोघर जाऊन सफाईचं आमंत्रण दिलं. आली फक्त माझी आई, तीही खुर्ची घेऊन, बघायला. मामाने एकट्याने आकडीच्या काठीने थोडं थर्माकोल ओढलं आणि मग काठावरच्या भेंडीच्या झाडाच्या फांद्यांना लाल-निळी अंडी टांगली. दिसत होती छान, खोटं कशाला बोलू? पण ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी टांगलेली अंडी आमच्या उन्हात किती दिवस तग धरणार? गुड फ्रायडेला क्रुसाची वाट करत, स्थानकास्थानकावर थांबून प्रार्थना म्हणत सगळी आळी बावखलाशी आली, तर अशी दुर्गंधी, की बायकांनी नाकाला पदर लावले आणि फादरांनी तेवढं स्थानक घाईघाईत उरकलं. पाण्यात कुत्रं मेलं असावं म्हणून पोरं काठ्या घेऊन शोधायला लागली. शेवटी सिल्वीने फोनवर विचारलं, "डॅडी, अंडी भोक पाडून, फुंकून रिकामी केली होतीत ना?" मामाने उकडून टांगली होती. पण मान खाली घालेल तो मामा कसला! "तिकडे हवा थंड असते. दोष अंड्यांचा नाही, वसईचा आहे," म्हणाला.

त्यानंतर त्याचं कोण ऐकणार? बावखल बुजवून गाड्या लावायला जागा करायचं घाटायला लागलं, तेव्हा आळीच्या बैठकीत एकटा मामा उभा राहिला. पण बिचारा बोलायला लागला तो पुन्हा हौदावरच. कोणीतरी ओरडलं, "अंडेवाले, एवढं आवडतं तर तिकडेच जा ना!" सगळे हसले. मीही हसले. पुढे त्याचे गुडघे गेले, घरी एकटं राहणं जमेना, आणि सिल्वी येऊन त्याला कायमचं घेऊन गेली. गाडीत बसताना तो मला एवढंच म्हणाला, "बाय माझे, बावखल बुजवू देऊ नको."

तो गेल्यावर आळी शांत झाली. रविवारी मिक्सर बिनबोभाट चालायचे. भरावाचा पहिला डंपर ईस्टर झाला की येणार, असं ठरलंही. आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात सिल्वीचा फोन आला, कावलेला. "डॅडींनी इथे कहर केलाय. बेकरीवाला, पाळक, बाकावरचे म्हातारे, कोणाला सोडत नाहीत. आमच्या तिकडे वसईला असं आणि आमच्या तिकडे तसं! आमचं बावखल आरशासारखं आहे, खंड्या येतो, ईस्टरला सगळं गाव उतरून साफ करतं. लोक आता त्याचा फोटो मागतायत, चर्चच्या हॉलमध्ये लावायला. मी काय करू?"

मी हे आईला सांगितलं. आई खुर्चीतून उठली, पदर खोचला आणि घरोघर फिरली. "माझ्या भावाने तिकडे थाप मारलीय. आता ती खरी करायची. परक्या गावात त्याचं हसं झालं तर तुमचं सगळ्यांचं हसं!" अब्रूचा प्रश्न आला म्हटल्यावर आळी उतरली, अगदी गाड्या लावायला टपलेलेसुद्धा. गाळ निघाला, राडारोडा निघाला. कमोडही वर आला. ज्याचा होता त्यानेच तो मुकाट्याने उचलून नेला. तळाचा झरा जिवंत निघाला. या खेपेला अंडी फुंकून रिकामी केली आणि आईने आळीभर ऑम्लेट वाटलं. पाण्यात भेंडीची सावली पडल्यावर डंपरचं नाव काढायची कोणाला छाती झाली नाही.

ईस्टरच्या दिवशी मामाला व्हिडिओवर बावखल दाखवलं. तो फोनच्या अगदी जवळ सरकला. मग म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात बाटली आहे, ती काढ." मी काढली. त्याच्या मागे खिडकीतून तो चौक दिसत होता, धुतलेला, सजवलेला, आणि सणाच्या दिवशीही चिडीचूप. इकडे आळीत वाटणं सुरू झाली आणि त्याचा आवाज मला ऐकू येईना.

"थांब मामा," मी ओरडले, "आईला मिक्सर बंद करायला सांगते."

"नको ग," मामा म्हणाला. "असू दे. फोन जरा घराजवळ ने."