आम्ही चुकीचा खेळलेला गेम

गेल्या महिन्यात दादा माझ्याकडे चोपडे गावात चार दिवस येऊन राहिला. पाहुणचारासाठी नव्हे. आमच्या नदीतली वाळू विनापरवाना काढून विकणाऱ्या एकाने त्याला ट्रक चालवायला विचारलं होतं, आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. मला त्याचा नकार हवा होता. पण धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला तोंडावर 'हे करू नकोस' म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून मी त्याला एक जुना गेम दाखवायचं ठरवलं. हसायचं असेल तर हसा.

हा गेम नव्वदीच्या शेवटीशेवटी डिचोलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात होता. वरून दिसणारं कुठलंसं परदेशी शहर, त्यात टोळ्या, चोऱ्या, गोळीबार. त्याचं नाव तेव्हाही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सर शेवटची पंधरा मिनिटं खेळायला द्यायचे, आणि दादा नि मी एकाच खुर्चीत अर्धे-अर्धे बसायचो.

आमचे वडील पाळी गावात खनिजाच्या ट्रकवर होते. मूळ गाव बांद्याकडचं, पण आम्ही वाढलो ते पाळीच्या लाल धुळीत. ट्रकचं काम कसं चालतं ते आम्हाला पाठ होतं. खाणीवर नंबर लावायचा, माल भरायचा, जेटीवर नेऊन ओतायचा आणि रिकामा ट्रक घेऊन परत यायचं. गेममध्ये बंदर होतं, गोदाम होतं आणि एक पिवळा ट्रक होता. इंग्रजी सूचना आम्हाला कळत नव्हत्या. मग आम्ही काय करणार? ट्रिपा मारल्या. गोदामापासून बंदर, बंदरापासून गोदाम. सिग्नलला थांबायचं, कुणाला धक्का लावायचा नाही. एकदा बंदरावर पुढे एक ट्रक उभा दिसला. आपला नंबर त्याच्या मागे, असं समजून आम्ही सगळी पंधरा मिनिटं शांतपणे थांबून राहिलो. तो ट्रक नुसता चित्रातला होता, जन्मात हलणार नव्हता.

सरांनी ते पाहिलं आणि अख्ख्या क्लासला बोलावून दाखवलं. "पळयात, खाणीवयलीं भुरगीं," म्हणाले, बघा, खाणीवरची पोरं. सगळे पोट धरून हसले. ते हसणं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. माणसं चिरडून पळणारा हुशार आणि नंबर लावून उभा राहणारा बावळट, हा कुठला न्याय?

दादाने पुढे खरा ट्रकही तसाच चालवला. ताडपत्री बांधल्याशिवाय कधी निघाला नाही, जास्त माल भरला नाही, रांग मोडली नाही. ज्यांनी त्याच्या पुढे घुसून दिवसाला दोन ट्रिपा जास्त मारल्या, त्यांनी वेळेवर ट्रक विकले आणि किनाऱ्याला हॉटेलं बांधली. खाण बंद पडली तेव्हा दादाचा ट्रक अंगणात उभा राहिला. चाकांवर वेली चढल्या, मग तो भंगारात गेला. त्यानंतर दादा शाळेची बस चालवायला लागला, तीही सुटली. सरळ वागणाऱ्याला आमच्या भागात कुणी विचारतं का? मला तरी असा एकही दिसलेला नाही.

तर तो गेम मी इंटरनेटवर शोधून काढला. जुने, टाकून दिलेले गेम ठेवणारी एक साइट आहे. खाली लोकांनी लिहिलं होतं की भिकार गेम, ट्रक तर अगदीच निरुपयोगी, कशाला ठेवलाय कुणास ठाऊक. मी स्क्रीनसमोर बसून त्यांना चार शब्द सुनावले. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

रविवारी दुपारी चहा नि उंडे पाव झाल्यावर मी दादाला लॅपटॉपपुढे बसवलं. माझी मुलगी, अकरावीतली, शेजारी बसली. पिवळा ट्रक दिसताच दादाचा चेहरा किती दिवसांनी उजळला. त्याने ट्रक हळूच बाहेर काढला, पहिल्या सिग्नलला थांबला.

"मामा, तू चुकीचा खेळतंस," मुलगी हसत म्हणाली. "सिग्नलार कित्याक रवलंस? हयसर पळाचा असता."

"गप बस. मामाच बरोबर खेळतो," मी ओरडले. जरा जास्तच जोरात ओरडले. हेच तर मला त्याला सांगायचं होतं, दुसरं काय?

दादाने बोटं कळांवरून उचलली. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाय, जल्मभर असोच खेळलंय मी. काय गावला माका?"

मी उंड्यांची बशी त्याच्याकडे सरकवली.

मग तो माझ्या मुलीकडे वळला, अगदी साध्या आवाजात, शिकवणीला बसल्यासारखा. "पोलीस पाठसून इले तर लपाचा खय, ता आदी दाखय माका."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि दाखवलं. कुठल्या गल्लीत शिरायचं, कुठे गाडी बदलायची. दोनदा तो पकडला गेला. तिसऱ्या खेपेला सुटला. उद्या सोमवार होता. मुलगी टाळ्या वाजवायला लागली आणि मला तिच्या हातावर एक चापट द्यावीशी वाटली. दोष तिचा नव्हता, तरीही.