एक षष्ठांश लाल

पाचवीला अपूर्णांकांचा गुणाकार शिकवताना अरुणा मगदूम बाई एक रुमाल आणायच्या. इचलकरंजीत माग चालवणाऱ्या त्यांच्या वडलांनी, अप्पांनी, तो विणलेला. उभे धागे अर्धे लाल, आडवे एक तृतीयांश लाल, बाकी पांढरे. लालवर लाल आलेला गडद कोपरा हेच उत्तर, एक षष्ठांश. गुणूनही कमी झालं, हे मुलांना लगेच दिसायचं. अप्पांना मात्र मरेपर्यंत पटलं नाही. “गुणलं की वाढतंच. मला नगं शिकवूस.”

अप्पा गेले त्या वर्षी मुलांनी कोपरा मोजला, तो एक पंचमांश भरला. बाईंनी मुलांनाच झापलं. पुढच्या वर्षी एक चतुर्थांश.

यंदा बाईंनी स्वतः पट्टी लावली. अर्धा रुमाल गडद होता.

“बरं अप्पा,” त्या भरल्या वर्गात रुमालाला म्हणाल्या, “तुमचंच खरं. आता बास करा.”