हिराताईंची उघडी पिशवी

हिराताईंना मी चोर समजत होते.

काल चिरनेरला, त्यांच्या घरी, त्या वारल्या. त्यांना कधी बोलले नाही ते आज इथे लिहितेय.

नवीन पनवेलच्या एका डेंटल क्लिनिकमध्ये डॉक्टर म्हणून माझी पहिली नोकरी. हिराताई तिथल्या सगळ्यात जुन्या असिस्टंट. क्लिनिकचे मालक, म्हणजे आमचे सरसुद्धा त्यांना वचकून असायचे.

दुपारी पेशंट नसले की त्या खिडकीपाशी बसायच्या. दातांवरचं कीटण खरवडायचे स्केलर, धार लावायचा दगड, तेलाचे दोन थेंब.

घासून झालं की पातं उजेडाला धरायच्या.

"चमकते ती बोथट, मॅडम. धार असली का चमकत नाय."

मग जुन्या बॉलपेनच्या नळीवर पातं टेकवून ओढायच्या. प्लास्टिकचा पापुद्रा निघाला की पास.

(रिसेप्शनवरची पेनं कुठे जातात, तेही तेव्हाच कळलं. म्हणजे संशयाला सुरुवात पेनांपासून!)

दर दोन-तीन महिन्यांनी ट्रेमधला एक स्केलर गायब व्हायचा.

सरांना विचारलं. "ते हिराताई बघतात," एवढंच म्हणाले. मला वाटलं, हेही सामील.

मग मी डोकं चालवलं. ड्रिलने प्रत्येक स्केलरच्या दांड्यावर बारीक खूण कोरली. कुणालाही न सांगता. फार हुशार होते ना मी!

एका दुपारी हिराताईंनी काहीतरी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलेलं पाहिलं. त्या आत हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावायला गेल्या आणि मी पिशवी उघडली.

डबा. बीपीच्या गोळ्या. सुकटीची पुडी.

आणि रुमालात माझ्या खुणेचा स्केलर.

पण पातं झिजून सुईसारखं झालेलं. आणि टोक पकडीने मुद्दाम वाकवलेलं.

मान वर केली तर दारात हिराताई.

"मॅडम, इचाराचं होतं ना."

आवाज चढवला नाही त्यांनी.

"धार लावून लावून पातं बारीक होतं. मागं असंच एक मी कचऱ्यात टाकलं. दुसऱ्या एका डॉक्टरनी ते उचलून परत वापरलं. टोक मोडून पेशंटच्या हिरडीत रायलं. तवापासून मी वाकवते नि घरी नेते. परत कोनाच्या हाताला लागाला नको."

मी म्हणाले, "ओके."

फक्त ओके.

दुसऱ्या दिवशी घरी निघताना त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर उघडी ठेवली.

"बगा, मॅडम."

"अहो हिराताई, काहीतरीच काय!"

"बगा."

डबा, गोळ्या, सुकट. रोज. त्या रिटायर होईपर्यंत, तब्बल चार वर्षं.

मला वाटायचं, टोमणा मारतायत. उलट मलाच राग यायचा. माफी मागायचं राहूनच गेलं, किंवा खरं सांगायचं तर मी ती मागितली नाही.

आता माझं स्वतःचं क्लिनिक आहे.

आज सकाळी सगळे स्केलर एकेक करून उजेडाला धरले. एक फारच झिजला होता. पकडीने वाकवला, रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला.

असिस्टंटला म्हटलं, "चिरनेरला जाऊन येते गं."

"हो मॅडम, सावकाश या."

माझी पर्स कुणी उघडून बघितली नाही.

हिराताई, चुकलं माझं.
शेवटचा नमस्कार.