सहा खिळ्यांची होडी

“खिळा काढा की, ताई.” माझ्या खुर्चीमागं उभे राहून मामा हे इतक्या वेळा म्हणायचे, की शेवटी मी स्टूल ओढून त्यांना शेजारीच बसवलं.

सात रस्त्यावरच्या माझ्या ऑफिसात घरांचे नकाशे निघतात. होडीशी माझा काही संबंध नव्हता. मामा माझ्या नात्यातले नव्हेत; केम गावाच्या पलीकडचे, धरणाच्या पाण्यावर होड्या बांधणारे. आता त्यांचे हात थरथरायचे, नवी होडी त्यांच्याकडून होणार नव्हती. एक फायबरवाला त्यांच्या होडीवरून साचा करायला तयार होता. त्याला संगणकावर तिचा सगळ्या बाजूंनी फिरवता येणारा आकार हवा होता. तो आकार चुकला, तर साच्यातून निघणारी प्रत्येक होडी चुकणार आणि मामांची होडी संपणार.

मामांकडे माप एकही नव्हतं. मी काठावर जाऊन त्यांची शेवटची लाकडी होडी पालथी घातली, वीत-वीत अंतरावर मोजली आणि प्रत्येक माप संगणकात बिंदू म्हणून भरलं. काम चोख झालं होतं.

मामांनी पडद्याकडं बघितलं आणि मान फिरवली. “ही म्हातारी हाय.”

“मापं बरोबर आहेत, मामा.”

“हायती की! हितं आमी दगडावर गेलतो. हितं म्हस धडकली. समदं इमानदारीनं उतरवलंय तुमी. पर मी बांदली तवा ही अशी न्हवती.”

मग होडीचा बाक कसा काढतात ते त्यांनी सांगितलं. फळीवर खिळे ठोकायचे, त्यांना टेकवून बांबूची कामटी वाकवायची आणि एकेक खिळा काढत जायचं. कामटी आपला बाक आपण धरते. मी उलटं करत होते. उंचवटा दिसला की तो बसवायला आणखी एक बिंदू टाकत होते, आणि शेजारी नवा उंचवटा उगवत होता. एकेका रेषेवर चाळीस बिंदू झाले होते. मग बिंदू म्हणजेच खिळे समजून मी एकेक पुसत गेले; रेषेवर सहा उरले, तेव्हा मामांचं ‘खिळा काढा’ थांबलं.

सॉफ्टवेअरमध्ये होडीवर काळे-पांढरे पट्टे पाडता येतात. आकार बिघडला असेल तिथं पट्टा मोडतो. मामांना पट्टे कळत नव्हते. ते नुसतं म्हणायचे, “हितं दुकतंय.” मी पट्टे लावले की मोड नेमका तिथंच. तुम्ही म्हणाल योगायोग. मीही म्हटलं. तिसऱ्या वेळेनंतर मी तपासणं सोडलं.

शेवटच्या दिवशी मी होडी फिरवून खालून दाखवली. मामा पुढं सरकले. “माशाला अशी दिसत आसंल व्हय?” म्हणाले, आणि चहा निवून गेला तरी बघत राहिले.

साच्यातून पहिली होडी निघाली तेव्हा मामा हयात नव्हते. ती पाण्यात सोडायला मला बोलावलं होतं. मामी लांब बाभळीखाली बसल्या होत्या. आज काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. होडी वळसा घालून आली, उन्हापुढं नुसता काळा आकार. मामी ताडकन उठल्या.

“आमच्या मालकांची होडी कुणी काडली रं?”