मापाची सायकल

भावानं सायकल विकायला काढली आणि आमच्या घरी पुन्हा एकदा बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. याआधीचे कार्यक्रम माझे होते. त्याला चाळीस वर्षं होत आली. पण पोहे भिजवताना हाताला सगळं आठवत होतं.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याची बायको गेली, मी शाळेतून रिटायर झाले, तेव्हापासून आम्ही दोघंच इकडे उत्तरेत, दर्पण कॉलनीतल्या आई-वडिलांच्या जुन्या घरात राहतो. त्याला काचबिंदू आहे. तो कळला तेव्हा उशीर झाला होता. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही धुरकट होत गेलं. तरी हा गडी रोज सकाळी सायकल काढून निघायचाच. शेवटी पडावच्या चौकात पेरूच्या ठेल्यावर जाऊन आदळला. रस्ताभर पेरू झाले. ठेलेवाला स्वतःचं नुकसान विसरून यालाच विचारत होता, "बाबूजी, लगी तो नहीं?" भाऊ घरी आला, सायकल पुसली, बैठकीत भिंतीशी उभी केली आणि म्हणाला, "ताई, आता बस."

त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की तो मागचं चाक उचलून एकदा फिरवायचा. त्याची टिकटिक थांबेपर्यंत ऐकत बसायचा. मला ते बघवत नसे. मी आत जाऊन उगाच भांडी वाजवायची.

त्याला पैशाची गरज नव्हती. त्याला त्या सायकलीवर रोज बसणारा माणूस हवा होता. "स्टील चालतं राहिलं तर शंभर वर्षं टिकतं, आणि उभं राहिलं की आतून गंजतं," हे त्याचं पालुपद. डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर तिला कुणी चालवताना बघायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

आता ही सायकल काय चीज आहे ते सांगते. तरुणपणी भाऊ इथल्या एका कारखान्यात होता. नवी मशिनं आली, ती शिकायला कारखान्यानं त्याला इटलीला धाडलं. तिथं ज्या घरात तो राहत होता, त्याच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा सायकलींचे सांगाडे बनवायचा. दुकान कसलं, आमच्या टोपी बाजारातल्या गाळ्याएवढी खोली. भावाला इटालियन येत नव्हतं, म्हाताऱ्याला हिंदी येण्याचा प्रश्न नव्हता. तरी हा सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन बसायचा. म्हातारा पोलादाच्या नळीचं टोक कानशीनं घासायचा, दुसऱ्या नळीला लावून बघायचा, पुन्हा घासायचा. मधून उजेड दिसेनासा झाला की मगच पुढे. मग जोडावर ज्योत धरायची आणि पितळ वितळून आत शिरेपर्यंत थांबायचं. भाऊ म्हणतो, त्या वेळी म्हातारा श्वाससुद्धा घेत नसे.

आणि सांगाडा बनवण्याआधी तो माणसाचं माप घ्यायचा. शिंपी घेतो तसं. पाय, हात, खांदे. भावाचे पाय मोजले आणि म्हातारा हसून काहीतरी म्हणाला. दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "तो म्हणतो, एवढी लांब तंगडी त्यानं या गावात पाहिली नाही." आमच्या घरात पाय लांबच. पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले तेव्हा त्यांना म्हणे बेताचं घोडं चालत नसे. भावानं खाऊनपिऊन उरलेलं सगळं त्या सायकलीत घातलं आणि परत येताना घड्याळं, कॅमेरे, सेंट यातलं काहीही न आणता ती आणली.

निळी सायकल. सांध्यांवर चकाकतं क्रोम, त्याच्या कडा घासून घासून नखासारख्या पातळ केलेल्या. वडील तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "इटलीहून आणलीस, आणि स्टँड नाही?" मग म्हणाले, "कॅरियर पण नाही?" मग घंटी शोधली. शेवटी खुर्चीत बसले.

माप कसं घेतलं ते वडिलांना दाखवावं म्हणून भाऊ अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि कपाटातलं जाड पुस्तक काढून त्यानं दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत दाबून धरलं. तिकडे असंच मोजतात. वडील ताडकन उठले. "अरे, सरस्वती आहे ती! पायात घेतोस?" आई देवघरातून धावत आली. पुस्तक काढून घेऊन तिनं कपाळाला लावलं. भावाला त्या वयात कान धरून नमस्कार करायला लावला. आमच्या घरात पुस्तकाला चुकून पाय लागला तरी कानाला हात जातो, आणि हा तर त्यावर बसलाच होता. शेवटी मी माझं परीक्षेचं पॅड दिलं, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं म्हणून ते चाललं. भावानं पॅड लावून माप दाखवलं आणि स्क्रू ड्रायव्हरनं भिंतीवर खोल खोबण ओढून ठेवली. पुढे कितीदा घराची पुताई, रंगसफेदी झाली, पण ती खोबण त्यानं बुजवू दिली नाही. दर दसऱ्याला आई पूर्वजांच्या तलवारीशेजारी सायकल ठेवायची, तिला हळदकुंकू लावायची. सांध्याच्या एका कोपऱ्यात ते कुंकू अजून अडकलेलं आहे. आई गेल्यापासून ते मीही काढलेलं नाही.

तर कार्यक्रम. भावाच्या मुलीनं पुण्यात बसून सायकलीचे फोटो इंटरनेटवर टाकले. फोनवर म्हणाली, "आत्या, बाबांना सांग, लोगों को परेशान नका करू. जो पहला आएगा, उसे दे दो." पण हा कसला ऐकतोय. पहिला आला तो टोपी बाजारातला एक तरुण दुकानदार. त्याला पोट कमी करायचं होतं. मी पोहे दिले, भावानं पॅड दिलं. "बेटा, जूते उतारो और दीवार से लगके खड़े हो जाओ." पोरगा घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी पोह्यांत तोंड घातलं. त्याची खूण खोबणीच्या चांगली चार बोटं खाली आली. "नहीं बेटा, यह तुमको तकलीफ देगी," भाऊ म्हणाला. बिचारा पोहे संपवून गेला.

मग एक कॉलेजातला ताडमाड मुलगा आला. त्याची खूण वर गेली. एक बँकेतले साहेब आले, ते मोजूच देईनात. एक जण तर सीट खाली करून घेऊ म्हणाला, त्यावर भाऊ असा संतापला की चहा द्यायचा राहिला. मी म्हटलं, "अरे, उन्नीस-बीस चालतं की! एवढे नखरे मुलीचे बाप पण नाही करत." तर म्हणाला, "ताई, बूट एक नंबर छोटा घालून तू चालशील का?"

नखरे मला माहीत होते. माझ्या वेळी लोक आले, पोहे खाल्ले, मला उभं राहायला सांगितलं, चालून दाखवायला सांगितलं. मग मुलाची आई मुलाकडे बघायची, मुलगा जमिनीकडे बघायचा. निघताना सगळ्यांचं एकच, "घरी जाऊन कळवतो." कळवतो म्हणजे नाही, हे आईला पहिल्यांदा कळलं नव्हतं. ती आठवडाभर वाट बघत राहिली होती. मागाहून कुणाच्या तरी तोंडून कळायचं, मुलगी चांगली आहे, जरा उंच आहे. जरा! मी पोक काढून चालायला शिकले. आईनं सपाट चपला आणल्या. तरी काही जमलं नाही, आणि एका दिवशी मीच सांगितलं, पोहे बंद. नोकरी केली, वडिलांची जुनी जेंट्स सायकल शाळेत नेली, नंतर मोपेड घेतली. मी दुःखी होते असं नाही. पण कुणी मोजून नापास केलेलं माणूस विसरत नाही.

शेवटी दिल्लीहून एक गृहस्थ आले. जाणकार होते. सायकलीसमोर हात जोडून उभे राहिले, सांध्यांवरून बोट फिरवलं, कुठल्या काळातली, कशी जोडलेली, सगळं घडाघडा सांगितलं. भावाचा चेहरा खुलला. किती वर्षांनी त्याच्या भाषेत बोलणारं कुणी भेटलं होतं. भावानं पॅड पुढे केलं, तर ते हसले. "अरे नहीं भाईसाहब, मैं चलाऊँगा थोड़े ही! यह तो दीवार पर लगेगी. ऊपर से लाइट."

भावानं पॅड मागे घेतलं. पोहे तसेच राहिले. ते गृहस्थ गेल्यावर तो बराच वेळ सीटवर हात ठेवून उभा होता. मग म्हणाला, "देऊन टाकतो ताई. निदान कदर करेल. मापाचं कुणी मिळणार नाही आता. म्हाताऱ्यानं माझ्यासाठीच बनवली होती, बनवताना माझे डोळे किती दिवस साथ देणार आहेत याचा विचार नव्हता केला त्यानं."

ते ऐकून माझं डोकं फिरलं. त्याच्यावर, त्या दिवेवाल्यावर, काचबिंदूवर, सगळ्यांवर. मी म्हटलं, "तीस वर्षं हिची धूळ मी पुसते आहे. गल्लीतल्या कुणालाही अनवाणी उभा करून मोजतोस. मला विचारलंस कधी?"

"तू?" तो हसला. "ताई, तू चालवशील?"

"ते नंतर बघू. माप तर घे."

मी चपला काढल्या. भिंतीला पाठ लावली. किती वर्षांनी मी पूर्ण ताठ उभी राहिले होते, पाठीचा कणा भिंतीला टेकला तेव्हा माझ्या लक्षात आलं. पॅड लावलं, दुसरं टोक भिंतीला घट्ट दाबलं आणि खूण करायला केसातली पिन काढली. पॅडच्या कडेनं पिन ओढायला गेले, तर ती आपसूक जुन्या खोबणीत घसरली.

"केलीस खूण?" भावानं विचारलं. चाचपडत आला, बोटानं भिंत शोधायला लागला. "कुठं आहे? नवी कुठं आहे?"

"नवी नाही," मी म्हटलं. "गरज नाही पडली."

त्याचं बोट खोबणीवर थांबलं. मग पॅडच्या कडेवर, मग पुन्हा खोबणीवर. तो मटकन खुर्चीत बसला आणि लहानपणी हसायचा तसा हसत सुटला. "बघ ग," तो म्हणाला, "आणि मी गावभर शोधत होतो!" मग लगेच गंभीर होऊन त्यानं माझे हात मोजले. ते किंचित कमी भरले. हँडल जरा जवळ घेऊ म्हणाला. मला रडू येत होतं. ज्या पायांना आयुष्यभर जास्त म्हटलं, ते कुठेतरी नेमके होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्षाची जत्रा भरते त्या मेळ्याच्या मैदानावर गेलो. मेळा नसतो तेव्हा तिथले आतले रस्ते रिकामे असतात. भावानं पाय अडकवायच्या पट्ट्यांची पॅडल काढून साधी लावून घेतली होती. तो कट्ट्यावर बसला. मी सलवारच्या मोहऱ्या दोरीनं बांधल्या, दांड्यावरून पाय टाकला, देवाचं नाव घेतलं आणि निघाले. पहिल्या वळणापर्यंत जीव मुठीत होता. नंतर मला कळलं, हा इतकी वर्षं काय सांगत होता ते. रस्ता खडबडीतच होता, पण तो हातापर्यंत येता येता नरम होत होता. वडिलांच्या सायकलवर मी गुडघे हँडलला आपटत जायची, मोपेडवर पाय दुमडून बसायची. इथं काही दुमडायचं नव्हतं. मी जोर दिला की ती पुढे जायची, तेवढीच आणि लगेच. खालून ती टिकटिक येत होती. साठी ओलांडलेली बाई, मी मोठ्यानं हसले.

फेरी मारून परत आले तर भाऊ मान तिरकी करून कान देऊन बसला होता. डोळ्यांनी त्याला काय दिसलं असेल, एखादा निळा डाग असेल. पण टिकटिक जवळ येताच तो उठून उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "माझ्याकडून पसंत आहे. आता तू सांग. तुला पसंत आहे का?"

मी ब्रेक लावला. इतक्या कार्यक्रमांत, इतक्या पोह्यांनंतर, मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, वडिलांनी नाही, आलेल्यांनी तर नाहीच. तो वाट बघत होता, चेहरा माझ्या अंदाजानं वर केलेला.

"कळवते," मी म्हटलं, आणि आणखी एक फेरी मारायला निघाले.