अप्पांच्या घरातली फोडणीबंदी

समस्त शेजाऱ्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या शेजारच्या अप्पांनी गॅसच्या मागच्या भिंतीला धातूच्या टाइल्स बसवल्या असून, त्या स्वयंपाकघरात यापुढे फोडणीला बंदी आहे.

मी दर्शनाला गेलो. टाइल्सवरचं निळं प्लास्टिक अप्पांनी काढलेलंच नव्हतं, त्यामुळे माझा चेहरा त्यात निळा आणि सुजलेला दिसला. "डाग पडत नाही, तेल चिकटत नाही," अप्पा पुजाऱ्याच्या सुरात म्हणाले, "फक्त हात लावू नका." वहिनींची रवानगी मागच्या गॅलरीत झाली होती, जुन्या शेगडीसकट. वाऱ्याने ज्योत विझत होती आणि वहिनी पदराचा आडोसा धरून उभ्या होत्या.

ही जात मला चांगली ठाऊक आहे. मळणार नाही म्हणून वस्तू आणायची आणि मळेल म्हणून जन्मभर तिच्यावर पहारा द्यायचा. सोफ्याला अभ्रा, अभ्र्यावर चादर. चांगल्या कपबशा कपाटात, आणि आपण चहा प्यायचा कान तुटलेल्या कपातून. घर वस्तूंचं, माणसं नुसती राखणदार, आणि वर त्याचा केवढा तो तोरा!

अप्पा आता फडक्याने ते प्लास्टिक पुसू लागले. तेवढ्यात गॅलरीतली शेगडी पुन्हा विझली. वहिनी तेलाची कढई उचलून तरातरा आत आल्या, गॅस पेटवला, मुठीत मोहरी घेतली आणि कडाडल्या,

"अहो, सरका बाजूला! तेल भिंतीला चिकटत नाही, तुम्हाला चिकटेल!"