अंगाची ऊब

वडील गेले त्या दिवशी मी वेधशाळेत, दुर्बिणीवर होतो. गावी, पाटोद्याला पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

ते सहकारी साखर कारखान्यात ऊस तपासायचे. शेतोशेत हिंडून उसाच्या रसाचा थेंब हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरच्या लोलकावर टाकायचे, मग रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून गोडीचा आकडा वाचायचे. त्या आकड्यावरून तोडणीचा क्रम ठरे. दुष्काळात, विहिरी आटल्यावर, प्रत्येकालाच आपला ऊस आधी जायला हवा असे. एका वर्षी माझे चुलते दारात येऊन बसले.

"आकडा तूच लिहितूस ना? दोन जास्त लिही. कोन बघतंय?"

"मी बघतोय की, दादा."

चुलत्यांचा ऊस उभ्यानं वाळला. ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत.

प्रकाश वाकतो हे मला त्या लोलकामुळं कळलं. पुढं मी मोठ्या दुर्बिणींसाठी वर्णपटमापक बनवू लागलो. ताऱ्याचा प्रकाश पसरून त्यातल्या बारीक रेषा वेगळ्या करणारं हे यंत्र. रेषा किंचित सरकली तरी ताऱ्याचा वेग चुकीचा निघतो. म्हणून ते बंद खोलीत, एकाच तापमानाला ठेवतात. एकदा स्थिरावलं की आत कुणी जायचं नाही.

वडील निवृत्त झाल्यावर ते बघायला आले. दोन दिवसांचा प्रवास करून. मी त्यांना दाराशी थांबवलं.

"आत नाही जाता येणार, बाबा. माणसाच्या अंगाच्या उबेनंसुद्धा रेषा सरकतात."

"म्हाताऱ्याच्या अंगात कितीशी ऊब ऱ्हाती, लेका?" ते हसले. मग दाराला हात न लावता मागं सरले. "न्हाई, तुझं बरोबर हाय. नियम म्हंजे नियम."

गावी परतल्यावर ते भेटेल त्याला सांगत होते, पोरानं मलासुदिक आत जाऊ दिलं न्हाई. अभिमानानं सांगत होते.

दोन महिन्यांनी एक मंत्री आले. सोबत सात-आठ माणसं. वरून निरोप होता. दार मीच उघडलं. यंत्राशेजारी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. बीडच्या पेपरातही एक फोटो आला, खाली माझ्या नावापुढं 'जिल्ह्याचा सुपुत्र'.

वडिलांचा फोन आला. "त्या पाव्हण्यांच्या अंगात ऊब नव्हती का रे?"

"वरून आदेश होता, बाबा."

"चेअरमनचा ऊसबी आदेशानंच आधी तुटायचा. त्या कागदावर माझी सही नसायची."

रेषा जागेवर यायला तीन आठवडे लागले. वडिलांनी मात्र यंत्राचं नाव पुन्हा काढलं नाही. फोनवर पावसाचं विचारत, माझ्या जेवणाचं विचारत. तसंच शेवटपर्यंत चाललं.

चुलते मयतीलाही आले नव्हते.

रिफ्रॅक्टोमीटर मी घेऊन आलो. तो टेबलावर आहे. यंत्राच्या खोलीचं दार बंद आहे. किल्ली माझ्याकडे आहे.